थर्मोपिली की मॅरेथॉन? पहिल्यांदा जाताय तर एवढं बघा

अथेन्सहून गाइडसोबत एका दिवसात थर्मोपिली, मॅरेथॉन या प्राचीन ग्रीक-पर्शियन युद्धांच्या रणभूमी बघायचा प्लॅन मस्तच आहे, फक्त एका दिवसात सगळं कोंबू नका. मॅरेथॉन अथेन्सपासून ४० किमीच्या आसपास, थर्मोपिली जवळजवळ २००, दिशाही वेगळ्या, तेव्हा पहिल्या खेपेला एकच धरा. मी तरी थर्मोपिलीच सांगेन.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- थर्मोपिलीची चिंचोळी खिंड शोधत बसतात आणि हिरमुसतात. अहो, इ.स.पू. ४८० मध्ये, लढाईच्या वेळी, समुद्र डोंगराला लागून होता, नंतर स्पर्खिऑस नदीने गाळ आणून किनारा कितीतरी किलोमीटर मागे लोटला, आता तिथे सपाट शेतं आहेत. गाइडला पहिला प्रश्न हाच विचारा, तेव्हा पाणी कुठवर होतं? ते एकदा डोळ्यांसमोर आलं की सगळी लढाई उलगडते.
- इथे ग्रीकांचं नेतृत्व करणाऱ्या स्पार्टाच्या लिओनिडास राजाच्या पुतळ्यासोबत फोटो काढून बसमध्ये बसतात. पुतळा १९५५ चा, खरी जागा रस्त्यापलीकडची कोलोनोस टेकडी, शेवटचे स्पार्टन तिथेच पडले, उत्खननात बाणांची ढिगाने टोकं सापडली ती तिथेच. पाच मिनिटांची चढण आहे, चढाच.
- टोपी, पाणी विसरतात. सावली फार नाही.

मॅरेथॉनच निवडलंत तर लढाईत मारल्या गेलेल्या १९२ अथेनियन सैनिकांच्या समाधीच्या मातीच्या ढिगाऱ्याजवळ निवांत थांबा आणि तिथलं म्युझियम उघडं आहे का ते आधी विचारून घ्या. व्यूहरचना वगैरे सध्या राहू द्या, कोण कुणाशी आणि का लढलं एवढं वाचून गेलात तरी पुष्कळ.