अक्षतंतूचा छेद प्रथमच पाहणाऱ्यास
धुळ्याहून पाठवलेला आपला प्रश्न वाचला. अक्षतंतूच्या (चेतापेशीतून निघणाऱ्या लांब तंतूच्या) छेदाच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात सगळे ठिपके सारखेच दिसतात, ही तक्रार सुरुवातीला प्रत्येकाची असते. म्हणून नावे पाठ करण्याआधी चित्राच्या कोपऱ्यातील मोजपट्टी पाहण्याची सवय लावावी. आडव्या छेदात सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाचे पोकळ वर्तुळ म्हणजे सूक्ष्मनलिका (पेशीतील प्रथिनांची बारीक नळी) आणि सुमारे १० नॅनोमीटरचा ठिपका म्हणजे न्यूरोफिलामेंट (चेतापेशीतील प्रथिनांचा बारीक तंतू). एवढे ओळखता आले तरी पहिला महिना सार्थकी लागला असे समजा.

न्यूरोफिलामेंट म्हणजे जिनिंगमधली दाबून बांधलेली कापसाची गाठ, अशी कल्पना नवशिके हमखास करतात. (मीही केली होती.) प्रत्यक्षात हे तंतू अक्षतंतूच्या लांबीला समांतर धावतात, पण त्यांच्या मध्यम व जड प्रथिनांच्या शेपट्या बाजूला पसरून शेजारच्या तंतूला अंतरावर ठेवतात, यावल-रावेरकडे केळीच्या दोन खोडांत जागा राखतात, तसे. मोठ्या अक्षतंतूची जाडी बऱ्याच अंशी या तंतूंच्या संख्येवर ठरत असल्याने हा भाग सावकाश वाचावा.

दुसरी चूक दिशेची: दोन्हींना सारखीच दिशा असते असे धरण्याची. अक्षतंतूत सूक्ष्मनलिकांचे धन टोक (जिकडे नलिका जास्त वेगाने वाढते ते) पेशीकायेपासून, म्हणजे चेतापेशीच्या केंद्रक असलेल्या मुख्य भागापासून, दूर असते, तर न्यूरोफिलामेंटला अशी दिशाच नसते.

अक्षतंतूच्या बाह्य पटलाखालची, सुमारे १९० नॅनोमीटर अंतराने येणारी अ‍ॅक्टिन या प्रथिनाची कडी आणि फॉस्फोरिलीकरण (प्रथिनाला फॉस्फेट गट जोडला जाणे) तूर्त बाजूला ठेवा. आधी एकच छेद घेऊन पाच सूक्ष्मनलिका व त्यांच्याभोवतीचे ठिपके पेन्सिलीने स्वतः काढून पाहा.