लिंकर स्क्रिप्टमध्ये सिम्बॉलला ४००० दिलं, सी मध्ये २०००५००० का छापलं जातं?

तुमचा मामला असा: एसटीएम३२एफ१०३ ही मायक्रोकंट्रोलर चिप, १६ केबीचा बूटलोडर (आधी धावून मुख्य ॲप सुरू करणारा प्रोग्रॅम), लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोड कुठल्या पत्त्यावर बसवायचा हे लिंकरला सांगणारी फाइल) 'बूट_साइज' या सिम्बॉलला, म्हणजे नावाला, ४००० दिलंय आणि ॲपमध्ये एक्सटर्न करून (दुसरीकडचं व्हेरिएबल म्हणून जाहीर करून) छापलं तर २०००५०००. (पत्ते सगळे आणि हे ४००० सुद्धा हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायात; ४००० म्हणजेच १६ केबी.) बोर्डाला दोष देऊ नका, कंपायलरलाही नको.

लिंकर स्क्रिप्टमधलं नाव म्हणजे व्हेरिएबल नव्हे. त्याला ना रॅममध्ये जागा, ना फ्लॅशमध्ये. दिलेली किंमत हाच त्याचा पत्ता. सी मात्र तुमच्या एक्सटर्नवर विश्वास ठेवून ४००० या पत्त्यावर जातं आणि तिथे जे असेल ते उचलून आणतं. या चिपमध्ये फ्लॅशमधून बूट केलं की ०८०००००० वरची फ्लॅश शून्यापासूनही दिसते. म्हणजे तुम्ही वाचलंत ते ०८००४०००, तुमच्याच ॲपच्या व्हेक्टर टेबलचा (चिप सुरुवातीला वाचते ती पत्त्यांची यादी) पहिला ३२ बिटचा शब्द. तिथे सुरुवातीचा स्टॅक पॉइंटर असतो, सहसा रॅमच्या वरच्या टोकाचा पत्ता. २० केबी रॅमचं वरचं टोक किती? २०००५०००!

तेव्हा किंमत नको, पत्ता घ्या. रबाळे एमआयडीसीत आमच्याकडे नवीन पोरांना मी असे सिम्बॉल रिकाम्या चौकटी कंसाचा कॅरॅक्टर ॲरे म्हणूनच जाहीर करायला लावतो. ॲरेचं नाव हाच पत्ता, त्यामुळे अँपरसँड (पत्ता काढणारं & चिन्ह) विसरायचा प्रश्नच उरत नाही. मग फक्त ३२ बिटच्या पूर्णांकात कास्ट करा.

बूटलोडरशिवाय चालणारी जुनी बिन फाइल (फ्लॅशमध्ये जशीच्या तशी भरायची) तशीच ०८००४००० वर टाकली तर चालेल का, हेही विचारलंत. नाही चालणार. चिपवर पत्ते दुरुस्त करणारं कुणी बसलेलं नाही, रिलोकेशन (पत्ते जागेनुसार बसवणं) लिंकरनेच उरकून टाकलेलं असतं. फंक्शन कॉल पीसीपासूनच्या (प्रोग्रॅम काउंटर, चालू सूचनेचा पत्ता) अंतरावर चालतात, ते कदाचित तगतील. पण फंक्शन पॉइंटर, स्ट्रिंगचे पत्ते आणि मुख्य म्हणजे टेबलमधला रीसेटचा पत्ता जुन्या जागेचेच राहतात. उडी चुकीच्या जागी, बहुधा थेट बूटलोडरच्या हद्दीत.

स्क्रिप्टमध्ये फ्लॅशची सुरुवात ०८००४००० करा, लांबी १६ केबीने कमी करा आणि व्हीटीओआर (व्हेक्टर टेबल कुठे आहे ते सांगणारं रजिस्टर) तिकडे वळवा. बूटलोडरने तो वळवला असला तरी जुन्या सिस्टम फाइलमधलं सिस्टमइनिट (मेनच्या आधी धावणारं फंक्शन) त्याला गुपचूप ०८०००००० वर परत नेतं, त्यामुळे तिथलं ऑफसेटही बदला.

नवी बिन फाइल हेक्समध्ये उघडा. दुसरा शब्द, म्हणजे रीसेटचा पत्ता, (बाइट उलट्या क्रमाने दिसतील) ०८००४००० च्या पुढचा आणि विषम हवा, कारण शेवटचा बिट थंबचा (या चिपच्या सूचनांच्या प्रकाराची खूण) असतो.