टाउन हॉलपुढची गव्हाणी आणि आपला कंदील

थंडी पडू लागली की अमेरिकेतल्या वाचकांच्या पत्रांचा सूर एकच होतो: गावच्या चौकात नाताळची आरास होते, मग आपल्या सणांचे काय? यंदा आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न घेतले आहेत. उत्तरे अमेरिकेच्या कायद्यापुरती आहेत, ब्रिटन-कॅनडातल्या वाचकांनी ती जशीच्या तशी उचलू नयेत.

प्रश्न : आमच्या टाउन हॉलच्या हिरवळीवर दर डिसेंबरात येशूजन्माचा देखावा असतो. गोठा, गव्हाणी, मेंढपाळ, सगळे. कर आम्हीही भरतो. सरकारने धर्मापासून लांब राहावे असे इथली घटना सांगते ना? मग हे चालते कसे? (न्यू जर्सी)

पहिल्या घटनादुरुस्तीचे (1791) शब्द मोजके आहेत: काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) धर्मस्थापनेविषयी कायदा करू नये आणि धर्माचरणाला आडकाठी आणू नये. गव्हाणी ठेवावी की नाही, हे त्यात नाही. त्यामुळे न्यायाधीशांवर अक्षरशः पुतळे मोजण्याची वेळ आली.

ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट शहराच्या आराशीत 40 हून अधिक वर्षे गव्हाणी असायची. तिच्या भोवती सांताचे घर, रेनडियरची गाडी, ख्रिसमस ट्री, शेकडो रंगीत दिवे, विदूषक, हत्ती, टेडी बेअर. त्या वेळची गव्हाणी शहराने 1973 मध्ये 1365 डॉलरना घेतली होती. खटल्याच्या वेळी तिची किंमत 200 डॉलर धरली गेली, आणि मांडण्या-काढण्याचा खर्च वर्षाला सुमारे 20 डॉलर. एवढ्याशा खर्चावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1984 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी गव्हाणी राहिली. एकूण आरास सणाची आहे, गव्हाणी हा तिचा एक भाग, असे बहुमताचे म्हणणे.

पाच वर्षांनी पिट्सबर्गच्या खटल्यात पारडे फिरले. तिथे काउंटी कोर्टाच्या मुख्य जिन्यावर गव्हाणी एकटीच होती आणि वर देवदूताच्या हातात देवाचा गौरव करणारा लॅटिन फलक. हा देखावा 5-4 ने घटनाबाह्य ठरला. त्याच निकालात, जवळच्या दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेरचा ज्यूंचा 18 फुटी मेनोरा (सणाचा दीपवृक्ष) मात्र 6-3 ने टिकला, कारण शेजारी 45 फुटी ख्रिसमस ट्री होते आणि 'स्वातंत्र्याला वंदन' अशी महापौरांची पाटी. तेव्हापासून वकिलांमध्ये 'तीन रेनडियरचा नियम' हा टोमणा चालतो: बाळ येशूभोवती पुरेसे रेनडियर उभे करा, खटला जिंकाल.

पुढे 2022 मध्ये, ब्रेमर्टनच्या शाळेतल्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या प्रार्थनेवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'बघणाऱ्याला हा सरकारचा पाठिंबा वाटेल का' ही कसोटीच बाजूला सारली. आता इतिहास आणि परंपरा पाहायची. त्याआधीच, 2021 मध्ये, सातव्या सर्किटने (सर्किट म्हणजे सर्वोच्च न्यायालयाखालचे केंद्रीय अपील न्यायालय) इंडियानातल्या जॅक्सन काउंटीच्या कोर्टाबाहेरची गव्हाणी परंपरेच्याच आधारावर राहू दिली होती. पिट्सबर्गचा निकाल उघडपणे रद्द झालेला नाही, पण त्याच्या पायाखालची माती बरीच सरकली आहे. म्हणून 'काढा' असे भांडायला सध्याचा काळ वाईट, 'आम्हालाही जागा द्या' असे म्हणायला चांगला.

आधी ही गव्हाणी कोणाची आहे ते शोधा. सगळा पुढचा रस्ता त्यावर ठरतो. न्यू जर्सीत 'ओप्रा' हा माहिती मागण्याचा कायदा आहे. नगरपालिकेच्या क्लार्ककडे अर्ज टाकला की साधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांत उत्तर यावे लागते. मोघम विचारू नका, कागद मागा: पुतळे खरेदीची बिले, देखावा मांडायला दिलेला परवाना, विमापत्र, मांडणीसाठी लावलेल्या कामगारांच्या तासांची नोंद. पुतळे आणि मजुरी नगरपालिकेची निघाली तर ते सरकारचे स्वतःचे बोलणे, तिथे जागा हक्काने मागता येत नाही. चर्चची किंवा एखाद्या क्लबची मालमत्ता असून नुसती जागा दिली असेल, तर ती हिरवळ इतरांनाही खुली आहे. पुढचा प्रश्न त्याच खुल्या हिरवळीचा.

प्रश्न : आमच्या मंडळाला दिवाळीत टाउन हॉलपुढे मोठा आकाशकंदील उभारायचा आहे. क्लार्कबाई म्हणतात, 'धार्मिक गोष्टीला परवानगी देत नाही.' डिसेंबरात मात्र त्याच जागी चर्चचा देखावा असतो. काय करावे?

बाईंचे म्हणणे टिकणारे नाही, पण त्यांच्याशी खिडकीवर वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, लेखी नकार घ्या. नकाराचा कागद हातात नसेल तर पुढे काहीच हलत नाही, आणि बहुतेक मंडळे इथेच अडकतात.

आधार बॉस्टनचा. तिथल्या सिटी हॉलपुढचा एक ध्वजस्तंभ शहराने लोकांना वापरू दिला. 2005 ते 2017 या काळात 284 वेळा परवानगी दिली, नकार एकदाही नाही. मग एका ख्रिस्ती गटाचा झेंडा आला आणि शहराने धर्माचे कारण सांगून तो नाकारला. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे नऊही न्यायाधीश शहराच्या विरुद्ध गेले: जागा सगळ्यांना खुली केलीत, तर केवळ धार्मिक म्हणून एकालाच बाहेर ठेवता येणार नाही.

या निकालाची दुसरी बाजूही मंडळाच्या बैठकीत आधीच बोलून घ्या. खुली जागा खरोखरच खुली असते. ओहायोत कोलंबसच्या विधानभवनापुढच्या चौकात कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेला क्रूस उभारायचा होता. 1995 मध्ये 7-2 ने तो हक्क मान्य झाला. फ्लोरिडाच्या विधानभवनात 2013 मध्ये गव्हाणीच्या जोडीला, तिचा निषेध म्हणून, बिअरच्या डब्यांचा खांब येऊन बसला. आणि कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात तर सगळाच खेळ आटोपला. समुद्राकाठच्या पॅलिसेड्स पार्कमध्ये अनेक दशके गव्हाणीचे देखावे लागत. 2011 मध्ये अर्जदार वाढले म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, आणि 21 पैकी 18 जागा नास्तिकांना गेल्या. वादाला कंटाळून शहराने 2012 मध्ये राखणीला माणूस नसलेले सगळेच देखावे बंद केले आणि न्यायालयांनी ती बंदी उचलून धरली, कारण ती सर्वांना सारखी होती. तेव्हा फार ताणले तर नगरपालिका कंदील, गव्हाणी, मेनोरा सगळेच गुंडाळू शकते. पहिले पत्र वकिलाकडून न जाता मंडळाच्या अध्यक्षांकडून जावे, ते यासाठी.

आता अर्ज. दिवाळीच्या किमान 90 दिवस आधी द्या. सोबत मोजमापांसह रेखाचित्र, जागेचा नकाशा, उभारण्याची व काढण्याची तारीख आणि जबाबदार व्यक्तीचा फोन. विमापत्रात नगरपालिकेचे नाव जोड-विमाधारक म्हणून लागते. रक्कम अनेक ठिकाणी 10 लाख डॉलर असते. देवळाच्या किंवा मंडळाच्या चालू पॉलिसीवर एका कार्यक्रमापुरते जोडपत्र मिळते का ते आधी विचारा, नवी पॉलिसी घेण्यापेक्षा स्वस्त पडते. 'ही आरास अमुक मंडळाची आहे, नगरपालिकेचा पुरस्कार नाही' अशी पाटी स्वतःहून लावा. कोलंबसच्या खटल्यात काही न्यायाधीशांनी अशा पाटीला महत्त्व दिले होते.

खुद्द कंदिलाविषयी. घरचा बांबू-कागदाचा कंदील सहा फुटांचा केला की तो कंदील राहत नाही, शीड होते. नोव्हेंबरच्या वाऱ्यात चौकट आधी सांध्यांत पिळते, मग फाटते. ॲल्युमिनियमच्या नळीची चौकट करा, त्यावर पॅराशूटसारखे नायलॉनचे कापड ताणा आणि वरची-खालची तोंडे उघडी ठेवा, म्हणजे वारा आरपार जाईल. झिरमिळ्या दोन फुटांपेक्षा लांब नकोत, ओल्या झाल्या की त्याच चौकट खाली ओढतात. तिपाई किंवा चौपाईच्या प्रत्येक पायावर निदान 40 पौंडांची वाळूची पिशवी हवी. हिरवळीत खुंट्या ठोकायची परवानगी सहसा मिळत नाही, कारण खाली पाण्याच्या नळ्या असतात. आत 12 व्होल्टचे एलईडी, बाहेरच्या वापराची वायर, जीएफसीआय प्लग (वीज गळताच प्रवाह तोडणारा), आणि जोड जमिनीपासून वर बांधलेला. पहिल्याच पावसात दिवे गेले तर दोष बहुधा गवतात पडलेल्या जोडाचा असतो. खऱ्या पणत्यांचा हट्ट धरू नका. उघड्या ज्योतीला अग्निशमन खात्याची वेगळी परवानगी लागते आणि तेवढ्यावरून अख्खा अर्ज लटकतो.

प्रश्न : गावच्या बागेत गणपतीची कायमची दगडी मूर्ती भेट दिली तर? तिथे बायबलमधल्या दहा आज्ञांचा दगड आधीपासून आहेच.

नगरपालिका नाही म्हणू शकते, आणि तुम्ही खटला हराल. युटामधल्या प्लेझंट ग्रोव्हच्या बागेत असाच दहा आज्ञांचा दगड होता. सुमम नावाच्या पंथाने आपला दगड देऊ केला, शहराने नाकारला, आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शहराची बाजू घेतली. बागेतले कायमचे स्मारक हे सरकारचे बोलणे मानले जाते, देणगी कोणाचीही असो. दहा दिवसांच्या मांडवाला खुल्या जागेचा नियम लागतो, कायमच्या चौथऱ्याला नाही. आपल्याकडे विसर्जनाची प्रथा आहे, हे इथे सोयीचेच पडते.

प्रश्न : मुलीच्या सरकारी शाळेत डिसेंबरच्या कार्यक्रमात ख्रिस्तजन्माची गाणी गाऊन घेतात. तिला नको आहे. आणि दिवाळीचे गाणे का नाही?

गाणी म्हणून ती शिकवायला बंदी नाही. साउथ डकोटातल्या सू फॉल्सच्या शाळांची नियमावली आठव्या सर्किटने 1980 मध्ये मान्य केली: धार्मिक मूळ असलेले संगीत चालेल, मात्र ते सांस्कृतिक वारसा म्हणून आणि तटस्थपणे मांडलेले हवे. प्रार्थना करून घेता येणार नाही. मुलीसाठी 'अमुक गाणे ती म्हणणार नाही, तेवढा वेळ ती मंचामागे मदत करील' असे लेखी कळवा. कारणांचे पान भरू नका.

दिवाळीच्या गाण्यासाठी डिसेंबरात तक्रार करून काही होत नाही. संगीत-शिक्षकांचे गाणी निवडणे उन्हाळ्यातच सुरू होते. ऑगस्टच्या अखेरीस भेटा, सोबत एका पानावर स्वरलिपी, रोमन लिपीत शब्द आणि अर्थ न्या. आरती देऊ नका, ती सरळ प्रार्थना आहे. लेझीम सुचवा: ठेका आठ मात्रांचा बसवता येतो, पंधरा मुलांना तीन तालमी पुरतात, आणि धर्माचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : टेक्सासमध्ये घर आहे. वसाहतीची समिती (एचओए) दारावरचे तोरण काढायला सांगते. शेजारच्यांच्या दारावर नाताळची माळ मात्र चालते.

समिती सरकार नव्हे, त्यामुळे वरचे घटनेचे निकाल तिला लागू होत नाहीत. पण टेक्सासच्या मालमत्ता संहितेत कलम 202.018 आहे. 2011 च्या मूळ तरतुदीत दारावरच्या धार्मिक वस्तूंना 25 चौरस इंच मिळत, म्हणजे पाच इंच बाय पाच इंच. त्यात मेझुझा (ज्यू लोक दाराच्या चौकटीला लावतात ती धर्मवचनाची छोटी डबी) बसतो, तोरण नाही. 2021 मध्ये ही मर्यादा गेली आणि दारापुरते असलेले संरक्षण तुमच्या जागेवरच्या इतर धार्मिक मांडणीलाही मिळाले. समितीला दोन ओळींचे पत्र लिहा, त्यात कलमाचा आकडा घाला आणि तोरण धार्मिक श्रद्धेने लावले आहे असे स्पष्ट म्हणा. 'सजावट' हा शब्द टाळा, कारण सजावटीला हे संरक्षण नाही.

अपवाद लक्षात ठेवा: सुरक्षेला धोका, रस्त्याची किंवा समितीची सामायिक जागा, दिव्याचा खांब, फायर हायड्रंट. म्हणजे कंदील स्वतःच्या पोर्चला, रस्त्यावरच्या खांबाला नाही. आंब्याची पाने तिसऱ्या दिवशी वळून घराचा नंबर झाकतात, आणि समितीला नेमके तेच निमित्त मिळते. तोरण नंबराच्या पाटीपासून सहा इंच दूर बांधा. रांगोळी स्वतःच्या पायरीवर काढा, पुढच्या पदपथावर नको.