थप्पड ड्युटीत मोडत नाही

‘ताई, गेल्या आठवड्यात नाईटला सलाईन बदलायला उशीर झाला म्हणून पेशंटच्या मुलाने माझ्या कानाखाली मारली. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, त्यांचं माणूस सिरियस आहे, समजून घे. घेतलं समजून. पण आता मागून कुणी आलं तरी दचकते. माझंच चुकलं का?’
– एक परिचारिका

अगं, आधी सांग, कान दाखवलास का? अशा फटक्याने पडदा फाटू शकतो. कमी ऐकू येत असेल, कानात आवाज येत असेल, तर आजच दाखव आणि तपासणीचा कागद जपून ठेव. दुसऱ्यांचे केस पेपर भरताना तुम्हा सिस्टर लोकांचा स्वतःचा तेवढा राहून जातो.

मग लिहायला बस. वेळ, त्याचे शब्द, कोण बघत होतं. आणि त्या रात्री वॉर्डात पेशंट किती, सिस्टर किती, हे नक्की लिही. तू एकटी किती बेड सांभाळत होतीस ते कळलं, की उशीर कुणामुळे झाला हेही कळेल. तोंडी सांगू नकोस. लेखी दे, पोच घे, एक प्रत घरी ठेव. पोलिसांत जायचं की नाही हे तू ठरव, इन्चार्जने नव्हे.

त्या बाईंचा मला राग येत नाही. त्यांनाही कुणीतरी असंच ‘समजून घे’ म्हटलं असणार. पण दुःख समजून घेणं वेगळं, मार खाणं वेगळं. शुद्ध हरपलेल्या पेशंटने हात उगारला तर त्याला दोष देता येत नाही (नोंद तिथेही करायचीच). हा मुलगा शुद्धीत होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 8 ते 38 टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीत कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते. ते सगळे काय कामात चुकले होते? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2019 च्या करारात, क्रमांक 190, बाहेरच्या माणसाने केलेली हिंसाही धरली आहे. म्हणजे त्या कराराच्या नजरेने नातेवाइकाचा हात ही मालकाचीही जबाबदारी. तेव्हा नाईटला जोडीदार आणि धोक्याची घंटा अर्जातच माग.

दचकणं सध्या साहजिक आहे. महिन्यानंतरही टिकलं, झोप उडाली, तर समुपदेशकाकडे जा. तोवर त्या बेडची ड्युटी बदलून माग, लाजू नकोस.

कानाचं काय झालं ते मात्र कळव.