कूस बदलली की घर फिरतंय? मान नाही, आधी कान बघा

प्रश्न: डॉक्टर साहेब नमस्कार. आम्ही सेलू तालुक्यातले, जिल्हा परभणी. माझ्या मायचं वय 58. दिवाळीच्या टायमाला कापूस वेचणी चालू होती तेव्हापासून तिला चक्कर यायली. रात्री उजव्या कुशीवर वळली की "घर फिरायलंय, खाट उलटी व्हायली" म्हणून ओरडती, खाटंला घट्ट धरून बसती, अर्धा मिनिट जातं की सगळं शांत. दोरीवर कपडे टाकायला वर बघितलं तरी तसंच. गावातल्या डॉक्टरनी सलाईन लावलं, तालुक्याला मानेचा एक्सरे काढला, मणक्यात गॅप आहे म्हणले, पट्टा दिला, गोळ्या 4 महिने झाले चालूच. शेजारी म्हणायलेत पित्त आहे, आत्या म्हणती बाहेरचं आहे. आता डोक्याचा एमआरआय करा म्हणायलेत, कापसाचे पैसे त्यातच जातील. काय करावं?

उत्तर: दादा, पत्र इतकं नीट लिहिलंय की अर्धं निदान तुम्हीच केलंय. कुशीवर वळलं की, वर बघितलं की, आणि अर्धाच मिनिट, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय कानावर घ्यायचा. आत्याबाईंना सांगा बाहेरचं नाही, आतलंच आहे, फक्त पोटातलं नाही, कानातलं.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, डोकं कुठं वळलं हे त्या मेंदूला कळवतात. त्यांच्या शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, म्हणजे आपल्या रानातल्या चुनखडीचेच जातभाई. वयानं म्हणा, डोक्याला मार लागल्यानं म्हणा, कधीकधी काही कारण नसताना हे कण जागा सोडून नळीत घुसतात. ठिबकच्या नळीत खडा गेल्यावर नळी कलती केली की खडा घरंगळतो ना, तसंच. माय कुशीवर वळते, कण घरंगळतो, द्रव हलतो, आणि डोकं थांबलेलं असलं तरी कान मेंदूला सांगतो की अजून फिरतंय. कण स्थिरावला की चक्कर बंद. ह्याला बीपीपीव्ही म्हणतात, पन्नाशीच्या पुढच्या बायांत हे फार दिसतं.

आता मानेचं. साठीला आलेल्या, जन्मभर डोक्यावर ओझं वाहिलेल्या कुठल्याही बाईचा एक्सरे काढा, मणक्यात काही ना काही निघणारच, म्हणून चक्कर मानेमुळेच असं होत नाही. कानातल्या ह्या तोलाच्या यंत्रणेवर काम केलं म्हणून रॉबर्ट बारानी यांना 1914 चं नोबेल मिळालं, शंभराच्या वर वर्षं उलटली आणि आपल्याकडे अजून पट्टाच! मला ह्याचा राग येतो, लपवत नाही.

खरी तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिला मशीन लागत नाही. पेशंटला बसवून मान एका बाजूला वळवायची, पटकन उताणं झोपवायचं आणि डोळ्यांकडे बघायचं. त्या कानात कण असतील तर चक्कर येते आणि बुबुळं थरथरायला लागतात. डॉक्टरनी मायला असं झोपवून बघितलंच नसेल तर तुम्हीच म्हणा, साहेब, डिक्स-हॉलपाईक करून बघता का. लाजू नका. त्यात खात्री पटली आणि बाकी काही संशय नसला तर एमआरआयची गरज पडत नाही.

इलाजही हातानंच. अमेरिकेतल्या जॉन एप्ली ह्या डॉक्टरनी तो बसवला, सहकाऱ्यांना आधी पटेना, 1992 साली त्यांचा लेख आला आणि आज जगभर तोच करतात. उजवा कान असेल तर मान उजवीकडे वळवून उताणं झोपवायचं, डोकं थोडं खाली लटकतं, मग मान हळूच डावीकडे, मग सगळं अंगच डाव्या कुशीवर नाक जमिनीकडे करून, आणि शेवटी उठवून बसवायचं, प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट किंवा चक्कर थांबेपर्यंत. नळी फिरवून फिरवून खडा बाहेर काढला, बस. बऱ्याच जणांना एक-दोन वेळातच फरक पडतो. पण पहिल्यांदा मोबाईलवर बघून घरी करू नका, कान कुठला हे चुकलं तर उपयोग नाही, आणि मायच्या मानेचं दुखणं असेल तर डॉक्टर ते बघून करतील. परभणीत कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत, नाहीतर नांदेडचं शासकीय मेडिकल, संभाजीनगरचा घाटी दवाखाना, जिथं जमेल तिथं.

चक्करेच्या गोळ्या कण हलवत नाहीत. उलटी फार होत असेल तर चार दिवस ठीक, पण महिनोन्महिने घेतल्या तर सुस्ती येते, म्हाताऱ्या माणसाचा तोल अजून जातो, आणि मेंदू स्वतःहून सावरायला शिकतो तेही लांबतं. डॉक्टरला विचारून बंद करा. हे परत उलटू शकतं, तेव्हा घाबरू नका, परत तोच इलाज. ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या, कमी असलं तर भरून काढा. तोवर मायला विहिरीच्या काठावर, शिडीवर, माळवदावर जाऊ देऊ नका.

आणि हो, चक्करेसोबत जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, एकाचे दोन दिसले, धरूनही उभं राहता येईना किंवा डोकं अचानक भयंकर दुखलं, तर मग हे माझं सगळं विसरा आणि त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्या.

प्रश्न: मी शिक्षक, वय 44, लातूर जिल्हा. महिन्यातून एकदा-दोनदा डावा कान भरल्यासारखा होतो, आत शिट्टी वाजते, मग दोन-तीन तास गरगरतं आणि उलट्या होतात. वर्गात मागच्या पोरांचं नीट ऐकू येत नाही. हेही कणांचंच का?

उत्तर: नाही गुरुजी, कणांची चक्कर तासन् तास टिकत नाही. शिट्टी, जडपणा, कमी ऐकू येणं आणि तासांची चक्कर म्हणजे मेनिएर्स ह्या कानाच्या आजाराचा संशय घ्यावा लागतो, आतल्या कानातल्या द्रवाचं गणित बिघडतं. प्रॉस्पर मेनिएर ह्या पॅरिसच्या डॉक्टरनी 1861 सालीच सांगितलं होतं की अशी चक्कर मेंदूतून नाही, कानातून येते. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, अंदाजावर राहू नका, कारण ऐकण्याचं नुकसान हळूहळू कायमचं होऊ शकतं. मीठ कमी करा, म्हणजे नुसतं भाजीतलं नाही, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, पाकिटातलं फरसाण, हे सगळं धरून. जागरण आणि चहा-कॉफीचा मारा कमी केल्यानंही काहींना बरं वाटतं. कान भरायला लागला की मोटारसायकलला हात लावू नका, रजा टाका.

प्रश्न: उन्हातून येऊन बसलं आणि उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते. कान तपासू का? (बीड)

उत्तर: खोली फिरत नाही, नुसती अंधारी येते ना? मग कान सोडा. पाणी कमी पडतंय का, बीपीची गोळी चालू आहे का, हिमोग्लोबिन किती आहे ते बघा, बसून आणि उभं राहून असं दोनदा बीपी मोजून घ्या. आणि उठताना जरा दम धरा, खाटेवरून एकदम उडी मारून उठायची सवय असेल तर ती आधी सोडा.