छायाचित्रमालिकेचे नाव कसे ठरवावे?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका शाळेत शिक्षक असून, स्मार्टफोनवाचून अडणाऱ्या आपल्या रोजच्या जगण्याची छायाचित्रे गेल्या पावसाळ्यापासून काढत आहे. गिऱ्हाइकाशी बोलताना फोनवरची नजर न काढणारा बेळगावच्या गणपत गल्लीतील दुकानदार, लोंढा स्थानकावर चार्जिंगसाठी दाटी करणारे प्रवासी, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलणारी निपाणीची आजी, जांबोटीच्या पुढे रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जाऊन बसलेली मुले, असे प्रसंग त्यांत आहेत. बेळगावात प्रदर्शन भरवायचे आहे. ‘मोबाईलचे गुलाम’, ‘डिजिटल कैद’ आणि ‘हरवलेला संवाद’ ही नावे सुचली. पण एकही मनाला पटत नाही. काय करावे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ही नावे आपल्याला पटत नाहीत, ते योग्यच आहे, कारण तिन्ही नावे चित्र पाहण्याआधीच निकाल देऊन मोकळी होतात. ‘हरवलेला संवाद’ या फलकाखाली निपाणीच्या आजींचे छायाचित्र लावले, तर ज्या फोनमुळे त्यांना लेकाचा चेहरा रोज दिसतो, त्याच फोनपायी त्यांना दोषी ठरवल्यासारखे होईल. टेकाडावरच्या मुलांचे अवलंबित्व खरे आहे. परंतु ते चटकेमुळे आले, की अर्ज, निकाल आणि अभ्यास सारेच फोनवर गेल्यामुळे, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहायला हवा, आणि नावाने त्याचे उत्तर परस्पर देऊन टाकू नये.

नाव माणसांना किती काळ चिकटून राहते, हेही ध्यानात घ्यावे. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचे छायाचित्र काढले, तेव्हा तिचे नाव विचारले नव्हते. ‘मायग्रंट मदर’, म्हणजे स्थलांतरित आई, या नावानेच ते जगभर गाजले. ती स्त्री फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे १९७८ मध्ये उघड झाले आणि त्या छायाचित्राविषयीची नाराजी तिने तेव्हा बोलून दाखवली. आपल्या चित्रांतील माणसे तर प्रदर्शनाला स्वतः येऊ शकतील इतकी जवळची आहेत.

आपल्याच विषयावरील एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. अमेरिकी छायाचित्रकार एरिक पिकर्सगिल यांनी लोकांच्या हातातील फोन काढून घेतले, हात व नजर होती तशीच ठेवायला सांगितली आणि कृष्णधवल चित्रे टिपली. मालिकेचे नाव ‘रिमूव्हड’, म्हणजे काढून घेतलेले. छायाचित्रकाराने काय केले एवढेच ते नाव सांगते. मोकळ्या तळहाताकडे टक लावलेली माणसे पाहून काय वाटायचे ते प्रेक्षकाला वाटते.

आपल्या चित्रांतही असा शब्द आहे आणि तो आपण प्रश्नात सहज लिहूनही गेला आहात : ‘रेंज’. जांबोटीकडे ती शोधावी लागते, तर गणपत गल्लीत ती असूनही समोरचा माणूस आवाक्याबाहेर राहतो. तालुक्याच्या रानातले आणि शहरातले चित्र एकाच नावाखाली अशा रीतीने एकमेकांशी बोलू लागतील. शिवाय बेळगावात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषक येणार. हा शब्द दोघांच्याही तोंडी असल्यामुळे भाषांतर न करता दोन्ही लिप्यांत तसाच लिहिता येईल. खाली लहान अक्षरांत परिसर आणि वर्ष द्यावे. ‘आधुनिक जीवनाचा वेध’ यांसारखे भारदस्त उपशीर्षक मात्र टाळावे.

तरीही फलक रंगवायला देण्याआधी चित्रांची अंतिम निवड आणि क्रम ठरवून घ्या. लोंढ्याचे छायाचित्र मला या नावाशी थोडे फटकून वाटते, कारण तिथली ओढ बॅटरीची आहे. ते मालिकेत आवश्यकच वाटत असेल, तर नाव पुन्हा तपासावे लागेल. त्यानंतर चित्रांतील चार-पाच जणांना, विशेषतः त्या दुकानदारांना, छापलेली चित्रे दाखवून नाव वाचून दाखवा आणि त्याखाली आपले छायाचित्र लावलेले त्यांना चालेल का, हे स्पष्ट विचारा.