मूल रात्री किंचाळत उठतं आणि आईलाच ओळखत नाही, तेव्हा काय करायचं?

न्यूजर्सीहून एका आईने विचारलंय. मुलगा साडेचार वर्षांचा, ख्रिसमसच्या सुट्टीत पुण्याला जाऊन आल्यापासून रात्री साडेदहा-अकराला ताडकन उठून बसतो, डोळे टक्क उघडे, घामाने चिंब, किंचाळतो, "आई पाहिजे" म्हणून रडतो आणि आईने जवळ घेतलं की तिलाच ढकलतो. दहा मिनिटांनी आपोआप आडवा होतो. सकाळी काहीही आठवत नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात दृष्ट काढा, नवरा म्हणतो थेरपिस्टकडे नेऊया, आणि अपार्टमेंटच्या भिंती पातळ, शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला तर काय ही भीती वेगळीच.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे नाईट टेरर वाटतंय. झोप लागल्यावर साधारण एक ते तीन तासांत येतं, गाढ झोपेतून बाहेर पडताना मेंदू अर्धवटच जागा होतो, म्हणजे ओरडणं, घाम, छातीची धडधड सगळं सुरू पण मूल झोपेतच असतं, म्हणून ते तुम्हाला ओळखत नाही. वाईट स्वप्नाचं तसं नसतं, ते बहुतेक पहाटेकडे पडतं, मूल नीट जागं होतं, बिलगतं आणि काय दिसलं ते सांगतं. नाईट टेररमध्ये त्रास होतो तो बघणाऱ्याला, मुलाला सकाळी पत्ताही नसतो.

त्या दहा मिनिटांत काय करायचं तर जवळजवळ काहीच नाही, आणि हेच आईबापांना सगळ्यात जड जातं. हलवून उठवू नका, तोंडावर पाणी मारू नका, "काय झालं, काय दिसलं" विचारू नका, मोठे लाइट लावू नका. जबरदस्तीने धरून ठेवलं की मूल अजून झटतं आणि प्रकार लांबतो. शेजारी बसा, पडणार-आपटणार नाही एवढं बघा, हळू आवाजात बोलायचं असेल तर बोला. बंक बेडवर वर झोपत असेल तर काही महिने खाली आणा, आणि घरात जिना असेल तर गेट लावा. सकाळी पोह्यांच्या प्लेटसमोर "काल किती ओरडलास रे" हा विषय नको, त्याने मूल झोपायलाच घाबरायला लागतं.

आता खरं कारण. बहुतेक वेळा झोप कमी पडलेली असते, कारण दमलेलं मूल जास्तच गाढ झोपतं. भारतातून आल्यावर हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, मूल रात्री तीनला टक्क जागं आणि सकाळी सातला तरी डेकेअरसाठी उठवलेलं. त्यात आपल्या घरांची संध्याकाळ! जेवायला साडेआठ, मग नऊला कॉल, कारण तिकडे साडेसात वाजलेले असतात आणि आजी-आजोबा चहा घेत असतात. मूल झोपतं साडेनऊला. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते, हिशोब तुम्हीच करा. मी तर म्हणेन कॉल सकाळी साडेसातला करा, तिकडे संध्याकाळचे सहा असतात, आणि आठला अंथरुणात, शू करून, स्क्रीन बंद. सासूबाई दोन दिवस रुसतील, चालेल. इंग्लंडवाल्यांचा प्रॉब्लेम वेगळा, तिथे जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड, त्यांनी आधी जाड काळे पडदे घ्यावेत.

रोज ठरलेल्या वेळीच होत असेल तर अजून एक उपाय आहे. त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी मुलाला हलकेच जागं करायचं, कूस बदलली, काहीतरी पुटपुटलं की झोपू द्यायचं, असं आठवडाभर. बऱ्याच मुलांची साखळी याने तुटते.

दृष्ट काढायला माझी ना नाही, आजीला बरं वाटतं. पण संध्याकाळी काढा, मूल किंचाळत असताना नको, आणि मिरच्या गॅसवर टाकायच्या आधी स्मोक अलार्म आठवा, नाहीतर अख्खी बिल्डिंग खाली उभी राहील. त्यापेक्षा सासूबाईंना हे विचारा, की हे लहानपणी झोपेत चालायचे किंवा ओरडायचे का? हा प्रकार बऱ्याचदा घराण्यात असतो, आणि "अगं हो, हा तर दार उघडून अंगणात जायचा" असं उत्तर आलं की थेरपिस्ट आणि दृष्ट दोन्ही विषय जरा थंड होतात. मंडळातल्या कुणी म्हणेल की वेगळ्या खोलीत झोपवता म्हणून होतं, तर ते मनावर घेऊ नका, आईच्या कुशीत झोपणाऱ्या मुलांनाही होतं. शेजाऱ्यांना मात्र आधीच सांगून ठेवा, दारात दोन मिनिटं बोललं तरी पुरतं.

डॉक्टरांकडे कधी? मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, मध्येच श्वास अडकत असेल तर नक्की, टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड म्हणजे घशातल्या आणि नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. एकाच रात्रीत अनेकदा होतं, अंग ताठ होतं, हातपाय झटक्यासारखे उडतात, लाळ गळते, मूल दिवसा पेंगतं, यातलं काहीही असेल तरी थांबू नका. फोनवर व्हिडिओ काढून न्या, वर्णनापेक्षा डॉक्टरांना त्याचा उपयोग जास्त. आणि अमेरिकेत दुकानात सहज मिळतात म्हणून झोप यावी म्हणून घेतात त्या मेलाटोनिनच्या गमीज मनाने देऊ नका, इंग्लंडमध्ये त्या औषधाला प्रिस्क्रिप्शन लागतं ते उगाच नाही.

बहुतेक मुलं मोठी होताना यातून आपोआप बाहेर येतात. पुढच्या ट्रिपला मात्र रविवारी रात्री उतरून सोमवारी डेकेअर असला प्लॅन करू नका, तिकीट थोडं महाग पडलं तरी गुरुवारचं घ्या.